सुखरूप सुटली का?

आमच्या लहानपणी कुणाच्या घरी बाळंतपण झाले की आल्यागेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "सुखरूप सुटली का?" मुलगा की मुलगी हा प्रश्न मागून. हल्ली प्रश्न बदलला आहे. फोन उचलला की पलीकडून विचारतात, "काय झालं, नॉर्मल की सिझेरियन?" जसा काही शाळेचा निकालच! नॉर्मल म्हणजे पहिल्या वर्गात पास, आणि सिझेरियन म्हणजे वर ढकलली. माझ्या लेकीने असा 'वर ढकलल्याचा' शिक्का साडेचार वर्षे मनात वागवला. त्याचीच ही हकिकत. ती सांगताना आईपणाची थोडी बढाई आणि आजीपणाचे थोडे पाल्हाळ होईल, तेवढे वाचकांनी पदरात घ्यावे.

२०२३ ची दिवाळी. मी साताऱ्याच्या आमच्या घरात चकल्यांचा घाणा काढत होते, तोच सांगलीहून लेकीचा फोन आला. तिला दुसऱ्यांदा दिवस गेलेले, पाचवा महिना चालू.

"आई, या खेपेला मला ऑपरेशन नको. काही झालं तरी नको."

पाठोपाठ विहीणबाईंनी फोन घेतला. "अहो, तुम्हीच समजवा तिला. एकदा पोट फाडलंय, आता दुसऱ्यांदा कळांचा धोका कशाला? चांगला दिवस बघून ऑपरेशन करून घेऊ म्हणते मी."

एक म्हणते ऑपरेशन नको, दुसरी म्हणते कळा नकोत. दोघींच्या मध्ये मी, झारा हातात धरून उभी. आणि खरे सांगू? दोघींचेही मला पटत होते. त्याला कारण आमच्याच घराण्यात घडलेल्या दोन गोष्टी.

मावशीचे बाळंतपण

पहिली गोष्ट माझ्या जन्माच्याही आधीची, १९५६ सालची. माझी थोरली मावशी पाटण खोऱ्यातल्या एका गावी दिलेली होती. श्रावणाचे दिवस, पाऊस धो धो. मूल पोटात आडवे आले. गावची सुईण हुशार बाई. तिने पोटावरून हात फिरवला आणि सरळ सांगितले, "हे माझ्याच्यानं होणार नाही, कराडला न्या." बैलगाडी जुंपली, पण वाटेतल्या ओढ्याला पाणी चढलेले. उतार पडायची वाट पाहत गाडी काठावर रात्रभर उभी राहिली. पहाटे मावशी गेली, पोटातले मूलही गेले. माझी आई ही गोष्ट कधी पुरी सांगू शकली नाही. ओढ्यापाशी आली की ती थांबायची.

आडवे मूल कळा देऊन बाहेर येत नाही. तिथे बाईचे धैर्य कामाला येत नाही आणि काढेही येत नाहीत. मावशीला हवे होते ते एक ऑपरेशन आणि दोन बाटल्या रक्त. ते जगात कुठेच नव्हते असे नाही. मिरजेला डॉ. वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ सालीच उभे राहिले होते. आमच्या दक्षिण साताऱ्यातले लोक (सांगली जिल्ह्याचे १९४९ ते १९६० पर्यंतचे हे नाव) 'मिरजेला नेलं' म्हणत ते एखाद्या तीर्थाला नेल्याच्या सुरात. मिरज होती, पण मधला ओढा ओलांडता आला नाही, एवढीच ती गोष्ट.

कल्याणला वाढलेल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या, हे आपण शाळेत शिकतो. पण त्यांनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय काय होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र! चौदाव्या वर्षी त्या स्वतः बाळंत झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांतच गेले. हा विषय त्यांना शोधावा लागला नसेल.

आज चित्र पार बदलले आहे. २०१८ ते २०२० या काळातल्या सरकारी मोजणीप्रमाणे महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ होते. साऱ्या देशात हाच आकडा ९७ होता. २०१४ पासून आपल्याकडे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते आहे. या बदलात सिझेरियनचा वाटा मोठा आहे. म्हणून 'ऑपरेशन म्हणजे डॉक्टरांचा धंदा' असे कुणी उठल्यासुटल्या म्हणाले की मला ओढ्याकाठची ती गाडी दिसते.

पुरातले बाळंतपण

दुसरी गोष्ट लेकीची. पहिले बाळंतपण माहेरचे, म्हणून २०१९ च्या जुलैत तिला साताऱ्याला आणले. ऑगस्ट उजाडला आणि कृष्णामाईने सांगलीला वेढा घातला. विहीणबाई गावभागातले घर सोडून विश्रामबागेत नातलगांकडे गेल्या. जावईबापू पाण्यात अडकले, रस्ते बंद. इकडे तारखेवर चार दिवस उलटले, तेव्हा इथल्या एका प्रसूतिगृहात डॉक्टरांनी कळा आणायचे औषध दिले. सकाळपासून सलाईन लावलेले, रात्री आठला धावपळ सुरू झाली. एक परिचारिका कागद घेऊन आली, "आजी, सही करा, लवकर." कशासाठी विचारले तर म्हणाली, "बाळाला त्रास होतोय." मी सही केली. वीस मिनिटांत नातू जन्मला, देवाच्या दयेने धडधाकट.

पुढे काय? घरी जाताना मिळालेल्या कार्डावर कारणाच्या रकान्यात काहीच नव्हते. बिल मात्र तपशीलवार होते. मग आल्यागेल्यांनी तो रकाना भरायला सुरुवात केली. कुणी म्हणाले, "डॉक्टरला घरी जायची घाई झाली असेल." कुणी म्हणाले, "हल्ली सगळ्यांचं असंच करतात." कुणी तर लेकीच्या तोंडावर म्हणाले, "आजकालच्या मुलींना कळाच सोसत नाहीत." बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा शेक आणि शब्दांचा चटका एकाच वेळी लागत होता. लेक गप्प झाली. मीही मनात धरून बसले, की आपण सही करायची घाई केली.

आकडे काय सांगतात?

लोकांचा संशय अगदीच हवेतला नाही, हेही सांगायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २००५-०६ मध्ये देशात शंभरापैकी साडेआठ बाळंतपणे सिझेरियनची होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती साडेएकवीस झाली, आणि महाराष्ट्रात २५.४. सरकारी इस्पितळांत देशभराचे प्रमाण १४.३ आणि खाजगीत ४७.४! खाजगी दाराने आत गेलेल्या दोघींपैकी जवळजवळ एक पोटावर टाके घेऊन बाहेर येते. बायकांची शरीरे दारागणिक बदलत नाहीत. अवघड केसेस मोठ्या खाजगी इस्पितळांकडे जातात हे धरले तरी एवढी तफावत त्याने भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली म्हटले, की एखाद्या लोकसंख्येत हे प्रमाण शंभरात दहाच्या वर गेले, तर पुढच्या वाढीने माता-बालकांचे मृत्यू कमी होताना दिसत नाहीत. मात्र त्याच निवेदनात हेही आहे, की विशिष्ट आकडा गाठण्यापेक्षा जिला गरज आहे त्या प्रत्येकीला ऑपरेशन मिळावे यासाठी झटा. बिहारचे प्रमाण ९.७ आणि तेलंगणाचे ६०.७. एकाच देशात कुठे ओढ्याकाठी गाड्या उभ्या आहेत, तर कुठे गरज नसताना सुरी चालते आहे.

हे असे का होते, हे मी नात्यातल्या एका डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या मोकळेपणाने बोलल्या. "काकू, पैशाचा भाग आहे, नाही म्हणत नाही. पण तेवढाच नाही. लहान प्रसूतिगृहात मी एकटी. कळा बारा-चौदा तास चालतात. रात्री दोनला भूलतज्ज्ञ मिळेलच याचा नेम नाही, म्हणून संध्याकाळीच मन ऑपरेशनकडे झुकतं. नॉर्मलची वाट पाहिली आणि बाळाला काही झालं, तर लोक काचा फोडतात. ऑपरेशन केलं म्हणून मला कुणी कोर्टात खेचलेलं नाही. आणि मुहूर्त घेऊन येणारी मंडळी? ती काय मी बोलावते?"

मुहूर्ताचे म्हणाल तर आमच्या ओळखीतच एका आजोबांनी नातवाची पत्रिका आधी बनवून मग जन्म ठरवला. एकोणचाळीस आठवडे भरायच्या आत, कळा सुरू नसताना काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव जास्त असतो. ते बाळ चार दिवस काचेच्या पेटीत राहिले. ग्रह उच्चीचे होते म्हणतात.

जुन्या ऑपरेशनचा कागद

२०२३ च्या डिसेंबरात मी सांगलीला गेले. लेक, विहीणबाई, जावईबापू आणि मी अशी चौघांची वरात मिरज रस्त्यावरच्या एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंकडे निघाली. लेक म्हणाली, "मला नॉर्मलच हवंय." विहीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशनच करा." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी पहिल्या ऑपरेशनचा कागद दाखवा." आम्ही ते रिकाम्या रकान्याचे कार्ड पुढे केले. त्यांनी मान हलवली. "हे नव्हे. ऑपरेशनची टिपणं. गर्भाशयावर छेद कसा घेतला आणि का घेतला, हे कळल्याखेरीज मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

छेदाचे एवढे काय, असे मला वाटले. तेव्हा त्यांनी जे समजावले ते प्रत्येक घरी ठाऊक असावे. ज्युलियस सीझर पोट कापून जन्मला म्हणून हे नाव पडले ही दंतकथाच समजायची, कारण त्याची आई पुढे कित्येक वर्षे हयात होती, आणि त्या काळी अशा ऑपरेशनातून बाई वाचत नसे. एकोणिसाव्या शतकातही गर्भाशय न शिवताच पोट बंद करीत. १८८२ साली जर्मनीत माक्स सेंगर यांनी गर्भाशय नीट शिवण्याची पद्धत मांडली, आणि तिथून बायका जगू लागल्या. पण तेव्हाचा छेद उभा, वरच्या जाड भागावर. पुढच्या कळांत तो उसवण्याची भीती फार. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन यांनी 'एकदा सिझेरियन की कायम सिझेरियन' असे लिहिले ते याच काळात. पुढे १९२० नंतरच्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या पातळ भागावर आडवा छेद घेण्याची रीत रूढ केली. तो चांगला भरून येतो. छेद बदलला, म्हण मात्र तशीच राहिली.

मग त्यांनी हिशेब मांडला. "आडवा छेद एकच असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर कळांनी प्रयत्न करणाऱ्या शंभरांतल्या बहात्तर ते पंचाहत्तर जणी नॉर्मल बाळंत होतात. दोनशेत साधारण एकीचा टाका उसवतो. तो उसवला तर मिनिटांचा खेळ असतो, म्हणून हा प्रयत्न रात्रंदिवस भूलतज्ज्ञ आणि रक्त असेल तिथेच करायचा, घरी किंवा लहान दवाखान्यात नाही. बाळाच्या जिवाला धोका पहिलटकरणीच्या बाळाइतकाच, म्हणजे अगदी थोडा."

विहीणबाई म्हणाल्या, "म्हणजे ऑपरेशनच बिनधोक नाही का?"

"आजी, ठरवून केलेलं ऑपरेशन आज खूप सुरक्षित आहे. टाका उसवण्याची भीती जवळजवळ जाते, खालच्या बाजूला इजा होत नाही. पण ते पोटाचं मोठं ऑपरेशन आहे. रक्तस्राव, जखम पिकणं, पायात रक्ताची गुठळी होणं, हे धोके नॉर्मलपेक्षा जास्त. आणि खरा धोका पुढच्या खेपेचा." त्यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, तीस हजारांवर बायकांच्या एका अमेरिकन पाहणीचे आकडे सांगितले. वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल, तर ती घट्ट रुतून बसण्याचे प्रमाण आधी एकही सिझेरियन नसलेलीत शंभरात ३, एक झालेलीत ११, दोन झालेलीत ४०. अशी रुतलेली वार सुटत नाही, रक्त थांबत नाही, आणि पुष्कळदा गर्भाशयच काढावे लागते. "म्हणून मी आधी विचारते, तुम्हाला मुलं किती हवीत? दोनच म्हणणारीचा हिशेब वेगळा, चार म्हणणारीचा वेगळा."

लेक हळूच म्हणाली, "दोनच." विहीणबाईंनी खिडकीबाहेर पाहिले.

मी साताऱ्याला परतले ती थेट त्या प्रसूतिगृहात गेले. चार वर्षांपूर्वीची टिपणे. नियमाप्रमाणे तीनच वर्षे ठेवावी लागतात. मी आशा सोडली होती. पण तिथल्या कारकुनाने माळ्यावरचा गठ्ठा सोडला आणि तासाभराने कागद मिळाला. कागदावर लिहिले होते : गर्भाशयाचे तोंड सहा सेंटीमीटर उघडलेले, पाण्यात बाळाची शी, ठोके ऐंशीवर उतरले ते वर आले नाहीत, खालच्या भागावर आडवा छेद.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. "मी असते तरी हेच केलं असतं. आणि लगेच केलं असतं."

लेक तिथेच रडली. साडेचार वर्षे तिला वाटत होते, की आपल्याला फसवले किंवा आपणच कमी पडलो. दोन्ही खोटे होते. ऑपरेशन गरजेचे होते. मग चुकले ते काय? धावपळ संपल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी पाच मिनिटे खाटेपाशी बसून सांगितले नाही, आणि आम्ही विचारलेही नाही. पाच मिनिटांच्या त्या हलगर्जीपणाने साडेचार वर्षे नासवली.

फाल्गुनातली रात्र

सर्व बाजू पाहून लेकीने ठरवले, कळांनी प्रयत्न करायचा, पण हट्ट धरायचा नाही. विहीणबाईंनी, आश्चर्य म्हणजे, मान डोलावली. हिशेब कळला की भीतीचे ओझे हलके होते.

मार्च २०२४. तारखेच्या दोन दिवस आधी कळा आपण होऊन सुरू झाल्या. या वेळी लेक एकटी नव्हती. सोबतीचे माणूस सतत जवळ असले तर नॉर्मलचा संभव वाढतो, हे आता पाहण्यांनी सिद्ध झाले आहे. आपल्या सुईणी ते कधीच जाणत होत्या. जावईबापू पाठ चोळत होते, मी पाणी देत होते. आधीचा टाका असल्यामुळे बाळाच्या ठोक्यांचे यंत्र सतत लावलेले होते. निर्धोक बाळंतपणात मात्र त्याची गरज नसते; उलट त्याने ऑपरेशने वाढतात. घाई कुणी केली नाही. तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे हा जुना ठोकताळा जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली मोडीत काढला, आणि खालचा छेद सरसकट देऊ नये असेही तेव्हाच सांगितले. हे सारे आम्ही आधी विचारून ठेवले होते.

सात सेंटीमीटरवर गाडी अडली. चार तास झाले तरी पुढे सरकेना. मग ठोक्यांची रेषा खाली झुकू लागली. डॉक्टरीणबाई लेकीच्या उशाशी बसल्या. "बाळाचं डोकं वळत नाहीये. कळा वाढवायचं औषध मी तुझ्या टाक्यावर जोराने देणार नाही. ठोके अजून धोक्याचे नाहीत, पण कल तिकडे आहे. मी आता ऑपरेशन सुचवते. तुला काय वाटतं?"

लेकीने माझ्याकडे पाहिले नाही, नवऱ्याकडेही नाही. म्हणाली, "करा."

नात जन्मली. शेजारच्या खाटेवरच्या जतकडच्या बाईचेही आधी एक सिझेरियन झालेले. ती त्याच पहाटे कळांनी मोकळी झाली. दोघींनी एकमेकींची बाळे पाहिली. हेवा कुणालाच वाटला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले.

या अनुभवातून जे शिकले ते मी आता ओळखीच्या प्रत्येक गरोदर मुलीला सांगते. सातव्या महिन्यातच विचारून ठेवा : इथे रात्री भूलतज्ज्ञ असतो का, रक्त किती वेळात मिळते, तुमच्याकडे शंभरांत किती सिझेरियन होतात, सोबतीला कुणाला बसू देता? कळा आणायचे औषध किंवा ऑपरेशन सुचवले तर : कशासाठी, थांबलो तर काय होईल, दुसरा उपाय आहे का? शेवटचा प्रश्न लगेच विचारायला वेळ असेलच असे नाही. बाळाचे ठोके ऐंशीवर असताना वाद घालू नये, सही करावी. पण दुसऱ्या दिवशी कारण विचारावे आणि ऑपरेशनचा कागद मागून घ्यावा. मागितल्यापासून बहात्तर तासांत तो देण्याचा नियम २००२ पासून आहे. तो कागद लग्नाच्या दाखल्याबरोबर लोखंडी कपाटात ठेवावा.

बाराव्या दिवशी बारशाला बायका जमल्या. साताऱ्याचे कंदी पेढे मी नेलेच होते. एका आत्याबाईंनी पाळण्यात डोकावून तोच प्रश्न टाकला, "नॉर्मल की सिझेरियन?"

मी तोंड उघडणार तोच विहीणबाई कुंकवाचा करंडा खाली ठेवून म्हणाल्या, "सुखरूप सुटली हो आमची सून."